साडेपाच टेप

दुसऱ्या दिवशी, बाजार उठून गेल्यावर,
मी मशीनच्या पायापासून
लिंबाखालच्या त्या जागेपर्यंत टेप लावत गेलो.
साडेपाच टेप.
म्हणजे जवळपास एक नऊवारी लुगडं.
इथून पसरलं असतं
तर पदर त्याच्या हाताशी पोचला असता.

मंगळवार होता, मे महिन्यातला.
पाणपोईच्या रांजणाकडे येता येता
तो आधी बसला, मग कलंडला,
भरलेलं पोतं कलतं तसा,
काही घाई नसल्यासारखा.

"पेऊन आला असन," देवमन बोलला
पानाला चुना लावता लावता.
कोणीतरी हसलं.
मीही हसलो असेन.

मी देवमनकडे पाहिलं.
देवमननं भजेवाल्याकडे,
भजेवाल्यानं एसटीच्या कंडक्टरकडे,
कंडक्टरनं माझ्याकडे.
माझं तोंड तर रोजच्यासारखंच,
ओठांत दोन टाचण्या.
ते पाहून त्यानं ठरवलं असेल,
विशेष काही नाही.

मला वासुदेव ढगे आठवला.
मागल्या साली पुलावरचा एक जखमी
त्यानं ऑटोत घालून नेला,
तर जबानीसाठी तालुक्याच्या आठ चकरा,
आणि शर्टावरचा डाग उकळूनही निघाला नाही.
माझ्याच बाकड्यावर बसून सांगायचा तो.
किती वेळेवर आठवला!

फोन सगळ्यांच्या हातात होते.
दोघं तर शूटिंगच घेत होते.
वाटलं, लावला असेल कोणीतरी एकशेआठला.
मागाहून कळलं,
त्या वीस मिनिटांत
आमच्या गावातून एकही फोन गेला नव्हता.

मी काय केलं?
बॉबिन भरली.
सुई ओवली, पहिल्याच फटक्यात.
हात थरथरत नव्हते,
हे सांगायला हवं.

कौतिकाबाईचं मिरचीचं दुकान पलीकडच्या ओळीत.
मधल्या ओट्यामुळे तिला काहीच दिसलं नव्हतं.
पाणी प्यायला आली ती एकटी,
आणि तिनं आमच्यापैकी कोणाचंच तोंड पाहिलं नाही.
"ए निळ्या शर्टाच्या! तू, तूच. पानी आन."
"भजेवाल्या, फोन लाव. माह्यासमोर लाव."
"टेलर, ऊठ. कापड घेऊन ये."

आणि मी उठलो.
इतकंच होतं ते.
पायडल थांबलं, पाय माझे झाले.
हातात होता तो ब्लाऊजपीस
रांजणात बुडवून त्याच्या कपाळावर ठेवला.
कोणाच्या तरी हळदीचा होता,
रंग कच्चा निघाला,
कानामागून लाल ओघळ उतरला
आणि गर्दी पहिल्यांदा मागे सरकली.

तिच्या बोटांना तिखट होतं.
त्याचे डोळे तिनं पदरानंच पुसले.
एवढंही सुचलं तिला.

त्याच्या तोंडाला वास नव्हता.

पिशवीत पत्रिका होत्या,
कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलं.
पोरीचं लग्न, वीस तारखेचं.
वरच्या चार-पाचांवर नावं घातलेली,
बाकीच्यांवर नुसतं श्री.,
आणि पुढे ठिपके.
खिशात पेन,
उन्हानं शाई गळून छातीवर आलेली.

गाडी पावणेतीनला आली.
त्याला आत घेताना त्याचा एक पाय हलला,
की उचलणाऱ्यांनी हलवला,
मला नक्की सांगता येत नाही.
पुढचं कोणी कळवलं नाही.
पत्रिकेवर फोन नंबर होता,
मी लावला नाही.
वीस तारीख आली आणि गेली.

आता मंगळवारी कोणी लिंबाखाली नुसतं टेकलं
तरी पाय पायडलवरून निघतो.
निघतो फक्त.
पुढे पडतोच असं नाही.

पिशवी उलटली तेव्हाची एक पत्रिका
मशीनच्या खणात राहून गेली,
रिळांच्या खाली.
कधी रात्री दिवा असला तर काढतो.
श्री., पुढे ठिपके.
कपड्यावर रेघ मारायचा खडू
हाताशीच असतो.
अजून काही लिहिलेलं नाही.